कंबरेला खोचलेली तूरडाळ

तुमच्या सख्ख्या भावाने रविवारी सकाळी पोह्यांच्या बशीवरून मान वर करून विचारलं, की माणसाला जागच्या जागी थांबवायला नऊ मिलिमीटरची गोळी पुरते की पंचेचाळीस कॅलिबरचीच लागते, तर तुम्ही काय उत्तर द्याल?

माझ्या दादाने हे विचारलं तेव्हा त्याची सहा वर्षांची मुलगी समोर बसून पोह्यांतले शेंगदाणे वेगळे काढत होती. वहिनी गॅसपाशी पाठमोरी उभी होती. मागे न वळता ती म्हणाली, "पोरीसमोर नको."

"मी मराठीत बोलतोय," दादा म्हणाला.

"तिला मराठी कळतं."

मुलीने एक शेंगदाणा तोंडात टाकला आणि आमच्या तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. तिला कळलं होतं.

हे लंडनमधल्या हाउन्सलोतलं घर. मास्टर्स झाल्यापासून मी दादा-वहिनींकडेच राहते आणि कामाला मेडनहेडला जाते. या देशात साध्या माणसाला पिस्तूल बाळगता येत नाही. पिस्तूल सोडा, नागपूरच्या औषधांच्या दुकानात मिळतो तो मिरचीचा स्प्रे पर्समध्ये सापडला तरी इथे अटक होते. दादा विचारत होता ते टेक्सासबद्दल. कंपनी त्याला तिकडे पाठवायला तयार होती आणि तिकडे गेल्यावर कंबरेला काय लावायचं, हे त्याला इथूनच ठरवून जायचं होतं.

माझा दादा असा नव्हता, हे वाक्य मला लिहावंसं वाटतंय, पण ते खोटं होईल. माणूस असा असतो किंवा नसतो असं काही नसतं. त्याला काय झालं ते सांगते.

गेल्या नोव्हेंबरमध्ये संध्याकाळी तो ऑफिसमधून बसने घरी येत होता. वरच्या मजल्यावर बसून आईशी फोनवर बोलत होता. आई नागपूरला असते आणि तिला कमी ऐकू येतं, त्यामुळे तिच्याशी बोलताना आम्ही सगळेच ओरडतो. मागच्या सीटवरच्या दोन पोरांनी त्याला सांगितलं, ही भाषा बंद कर. दादा आईला म्हणाला, "एक मिनिट हं," आणि मागे वळून त्यांना इंग्रजीत म्हणाला, माझी आई आहे, तिला ऐकू येत नाही. तो वळला तेव्हाच पहिला ठोसा बसला. मग तो दोन सीटांच्या मध्ये पडला आणि त्यांनी लाथा घातल्या. फोन चालूच होता. आईने सगळं ऐकलं. जे इतर वेळी ऐकू येत नाही ते नेमकं तेव्हा ऐकू आलं.

डाव्या डोळ्याखालचं हाड मोडलं. आता तिथे धातूची छोटी पट्टी आहे. थंडी वाढली की तो बोलता बोलता गाल दाबून धरतो.

पण दादाला मोडलं ते त्या हाडाने नाही. बसच्या वरच्या मजल्यावर, अगदी पुढच्या सीटवर, आपलेच दोघं बसले होते. नवरा-बायको. त्यातला नवरा दादाबरोबर शनिवारी बॅडमिंटन खेळायचा. दादाने बसमध्ये चढल्यावर त्यांना हात केला होता, त्यांनीही केला होता. मार सुरू झाला तेव्हा दोघांनी वळून पाहिलं. पुढच्या स्टॉपवर दोघं उतरले. उतरायला दादाच्या पायांवरूनच जावं लागलं. दुसऱ्या दिवशी त्या बाईंनी वहिनीला मेसेज केला, 'कसे आहेत आता? टेक केअर,' आणि पुढे हात जोडलेलं चित्र.

चौकशीला आलेला पोलीस अधिकारी बरा माणूस होता. त्याने सांगितलं, कॅमेऱ्यात टोप्या दिसतात, चेहरे दिसत नाहीत. वर आणखी कोणी होतं का, ज्यांनी चेहरे पाहिले? दादा म्हणाला, उद्या सांगतो. त्या रात्री त्याने बॅडमिंटनवाल्या मित्राला फोन केला. वहिनी आणि मी शेजारीच बसलो होतो, फोन स्पीकरवर होता.

"अरे, तू म्हणशील तर येतो," तो म्हणाला. "पण आमचा आयएलआरचा अर्ज आत गेलाय. कुठल्याही क्षणी निर्णय येईल. आता पोलिसांच्या रेकॉर्डवर नाव आलं, तर काय सांगावं? तू समजू शकतोस."

आयएलआर म्हणजे इथे कायमचं राहण्याची परवानगी. आमच्यातल्या प्रत्येकाचं आयुष्य त्या तीन अक्षरांच्या अलीकडे आणि पलीकडे असं कापलेलं असतं. अलीकडच्या माणसाने आवाज करायचा नाही, वाद घालायचा नाही, हॉर्नसुद्धा वाजवायचा नाही. साक्ष दिल्याने व्हिसा जात नाही. मी नंतर वकिलाला विचारून खात्री करून घेतली. असा कुठलाही नियम नाही. हा नियम आपल्या लोकांनी आपला आपणच बनवला आहे आणि आपणच तो काटेकोर पाळतो.

दादानेही पाळला. दुसऱ्या दिवशी पोलिसाला त्याने सांगितलं, वर कोण होतं ते मला आठवत नाही. काही आठवड्यांनी पोलिसांनी कळवलं, तपास थांबवत आहोत, साक्षीदार पुढे आला तर पुन्हा उघडू.

मी पत्रकांच्या घरात वाढले. बाबा शाळेत शिकवायचे आणि उरलेल्या वेळात पत्रकं लिहायचे. पाण्याच्या प्रश्नावर, स्कॉलरशिपवर, वस्तीतल्या पोराला चौकीत मारलं त्यावर. मोठ्या सभांच्या आधी आम्ही भावंडं जमिनीवर बसून गठ्ठेच्या गठ्ठे घड्या घालायचो. गोष्टीची पुस्तकं मी फार नंतर वाचली. आधी वाचलं ते 'बंधूंनो आणि भगिनींनो'. त्यामुळे मला एकच काम येतं. मी पत्रक लिहिलं. एका पानाचं. साक्ष देणं हा गुन्हा नाही, व्हिसाला धोका नाही, आणि गप्प बसलात तर उद्या त्या सीटवर तुम्ही असाल. कोणाचं नाव घातलं नाही. जानेवारीत एका शाळेच्या हॉलमध्ये आपल्या मंडळींचं तिळगुळाचं संमेलन होतं, तिथे दारात उभी राहून वाटलं.

"अगं, लेआउट काय सुंदर झालाय! कशात केलास?" एक ताई म्हणाल्या.

एक काका मला बाजूला घेऊन गेले. "बेटा, मजकूर योग्यच आहे. पण आजच्या दिवशी नको. लोक मुलाबाळांना घेऊन आलेत."

"काका, दादाही मुलीला घेऊन आलाय."

"म्हणूनच म्हणतोय ना."

तो बॅडमिंटनवालाही आला. त्याने पत्रक घेतलं, उभ्या उभ्या पूर्ण वाचलं, आणि मला म्हणाला, "दादाला सांग, शनिवारी ये रे खेळायला. बरं वाटेल त्याला." मग खायला बसला तेव्हा टेबल ओलं होतं, म्हणून त्याने माझं पत्रक खाली अंथरलं आणि त्यावर लाडू ठेवला. मुद्दाम नाही. मुद्दाम केलं असतं तर मला भांडता आलं असतं.

दादाने हे लांबून पाहिलं. पुढच्याच आठवड्यात त्याने अमेरिकेच्या ऑफिसात बदलीसाठी अर्ज केला आणि कॉलेजच्या मित्राला फोन लावला.

हा मित्र मूळचा नागपूरचा, टेक्सासात स्थिरावलेला. तेव्हापासून रविवारची सकाळ त्याची झाली. आधी रविवारी सकाळी दादा मुलीला मांडीवर घेऊन पंचशील म्हणायचा. आता जेवणाच्या टेबलावर फोन टेकवून ठेवलेला असायचा आणि त्यातून मित्राचा आवाज घरभर फिरायचा.

"अबे, नवीन माणसानं फोर्टी-फाइव्हच्या नादी लागू नये," तो सांगायचा. "झटका बसते, हात वर जाते, दुसरी गोळी कुठं गेली तुझं तुलाच समजत नाही. अन् आत मावतात किती? कमी. नाइन घे. जास्त गोळ्या, स्वस्त, कुठंही भेटतात. फोर्टी-फाइव्ह म्हणजे बुलेट गाडी, रविवारी मिरवायची. नाइन म्हणजे रोजची ॲक्टिव्हा."

"आणि ते थ्री-एटी?" दादाने विचारलं.

"ते वहिनीच्या पर्समधलं. लहान असते, लपते छान. पण समोरच्यानं जाड जॅकेट घातलं असलं तर गोळी पुरेशी आत जाईल का नाही, याचा भरोसा नाही."

"भावजी, माझ्या पर्समध्ये आधीच जागा नाही," वहिनी कणीक मळता मळता म्हणाली. "तुम्हीच घ्या एखादी पर्स."

मित्र खो खो हसला. दादा हसला नाही. तो लिहून घेत होता.

परदेशी माणसाला तिकडेही सरळ दुकानात जाऊन पिस्तूल घेता येत नाही. पण शिकारीचा परवाना काढला की वाट निघते, असं मित्र म्हणाला. म्हणजे आधी कागदावर शिकारी व्हायचं.

"काय मारणार?" वहिनीने विचारलं. "ससा?"

"कागदावरच आहे गं ते."

"मग पोरीला ते जीव न मारायचं पहिलं शील शिकवताना सांग, बाबा फक्त कागदावर मारतो म्हणून."

या घरात विनोद वहिनीच करते, आणि ती विनोद करते तेव्हा ती घाबरलेली असते. हे मला हळूहळू कळलं.

दादा मला व्हिडिओ दाखवायचा. जिलेटिनचा पारदर्शक ठोकळा, माणसाच्या मांसाइतका मऊ, आणि त्यात वेगवेगळ्या मापाच्या गोळ्या किती खोल जातात ते. लहान माप उथळ राहतं. मोठं माप मोठं भोक पाडतं, पण झेपायला हवं. नवीन बनावटीच्या नऊमध्ये आणि पंचेचाळीसमध्ये आता फारसा फरक उरलेला नाही, नेम महत्त्वाचा. काही गोळ्यांचं टोक पोकळ असतं, ते आत गेल्यावर पसरतं. "असं उमलतं बघ," दादा म्हणाला. उमलतं. त्याने तो शब्द वापरला. "आणि उमललं की तिथेच थांबतं, आरपार जात नाही. हे चांगलं. कारण तिकडच्या घरांच्या आतल्या भिंती पुठ्ठ्यासारख्या असतात. चुकलं, तर गोळी पलीकडच्या खोलीत जाऊ शकते."

वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती. "मग पोरीचा पलंग कुठल्या भिंतीला लावायचा?" तिने विचारलं.

या वेळी विनोद नव्हता. दादाने व्हिडिओ थांबवला, थोडा वेळ स्क्रीनकडे पाहिलं, आणि पुन्हा चालू केला.

मी भांडले. माझ्याकडे जेवढं होतं तेवढं सगळं बोलले. बाबांचं, विहाराचं, आपण कोण आहोत आणि कुठून आलो त्याचं. दादाने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मी खाली पडलो होतो तेव्हा एकाने माझ्या छातीवर पाय ठेवला होता. त्याला वाचून दाखव तुझं पत्रक."

मार्चमध्ये घरी एक पार्सल आलं. त्यात होल्स्टर होतं, पँटच्या आत कंबरेला खोचायचं पिस्तुलाचं म्यान. म्यान घ्यायला या देशात बंदी नाही. मित्राने सांगितलं होतं, वजनाची सवय आधीपासून कर, नाहीतर नवीन माणूस दिवसभर कंबर चाचपत राहतो आणि सगळ्या जगाला कळतं. पण म्यानात घालणार काय? खेळण्यातलं पिस्तूलसुद्धा इथे रस्त्यावर नेणं गुन्हा आहे. दादाने स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तूरडाळ मोजली, भरलेल्या लहान नऊ एमएमच्या वजनाइतकी. प्लास्टिकच्या फिल्ममध्ये घट्ट गुंडाळली, वरून टेप लावली, दाबून दाबून आकार दिला आणि म्यानात बसवली.

"आज वरण करू की तुझी सिक्युरिटी?" वहिनी डब्याच्या तळाशी पाहत म्हणाली.

आधी तो घरात घालून फिरला. मग खाली कचरा टाकायला. मग रस्त्यावर. खोलीचं दार लोटून आरशासमोर सरावही करायचा. डाव्या हाताने जंपर, म्हणजे स्वेटर, वर, उजवा हात कंबरेला. मुलगी दारात उभी राहून पाहायची आणि वहिनी तिला उचलून आत न्यायची.

आता जे लिहिते आहे ते माझ्या मताच्या विरुद्ध जातं, पण मी ते पाहिलं आहे. तो सरळ चालू लागला. नोव्हेंबरपासून खांदे आत ओढून, भिंतीच्या कडेने चालणारा माणूस डाळ कंबरेला लावून रस्त्याच्या मधून चालायला लागला. बसमध्ये बसायला लागला, वरच्या मजल्यावर. त्याला वाटायचं, काहीतरी आहे आपल्याजवळ. मी त्याला रागवू शकले नाही. आम्ही सगळे मिळून जे त्याला देऊ शकलो नव्हतो ते त्याला डाळीने दिलं होतं.

एका शनिवारी दुपारी दादा आणि मी जवळच्या भारतीय किराणा दुकानात गेलो. तांदूळ, कढीपत्ता, मुलीसाठी चिकू. दुकानाच्या दारात एक वयस्कर सरदारजी राखणीला उभे असतात. दाढी पूर्ण पांढरी, गुडघे दुखतात म्हणून सतत एका पायावरून दुसऱ्या पायावर होतात. आम्ही बाहेर पडत असताना त्यांना दादाच्या जंपरखाली फुगवटा दिसला. त्यांनी मागून येऊन त्याच्या कोपरावर हात ठेवला. अगदी हळू.

"बेटा, एक मिनट. अंदर क्या है?"

मी दादाच्या शेजारी होते. मी त्याचा चेहरा पाहिला नाही, हात पाहिले. डावा हात जंपरवर गेला, उजवा कंबरेला, आणि तो गर्रकन वळला. आरशासमोर केलेलं सगळं जसंच्या तसं. पुडकं म्यानातून निघालं, निघताना कडेला लागून फाटलं, आणि त्याने ते दोन्ही हातांनी त्या म्हाताऱ्या माणसाच्या छातीवर रोखलं. दोन्ही हातांमधून डाळ खाली सांडत होती.

सरदारजींचे हात वर गेले होते. समोर काय आहे हे त्यांना कळायच्या आधीच गेले होते. दादाच्या डोळ्यांतच काहीतरी असलं पाहिजे. तो क्षण किती लांबला मला सांगता येणार नाही. मग त्यांनी खाली पाहिलं.

"दाल?" ते म्हणाले. हात अजून वरच होते. "ओए, दाल चुराता है? मांग लेता, मैं दिला देता."

"सॉरी अंकल," दादा म्हणाला. "सॉरी. हमारी है. घर की है."

मी खाली बसून डाळ गोळा करायला लागले. लोक आमच्या अंगावरून पाय टाकून पिशव्या सांभाळत बाहेर जात होते. सरदारजींनी आतून झाडू आणला आणि दादापासून लांब राहूनच तो माझ्या हातात दिला.

घरी चालत आलो. मला वाटत होतं, मी जे पाहिलं ते दादानेही पाहिलं असणार. की ती डाळ नसती, तर एक आजोबा त्या दारात पडले असते आणि मापाचा प्रश्न तिथेच सुटला असता. नऊसुद्धा भरपूर झालं असतं. मी वाट पाहत होते, तो कधी बोलतो याची.

घर जवळ आल्यावर तो म्हणाला, "जंपर आडवा आला. पुढून झिपचं काहीतरी घ्यायला हवं."

मी रस्त्यातच थांबले. "दादा, ते आजोबा होते."

"मागून हात लागल्यावर मला काय माहीत कोण आहे?"

"तेच म्हणतेय मी."

"मागे कोण आहे ते बघायला मी थांबलो होतो एकदा," तो म्हणाला. "एक मिनिट म्हणालो होतो."

मी पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि चालायला लागले.

मी वहिनीला सगळं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं, गॅस बंद केला, हात पुसले, आणि बाहेर येऊन दादासमोर बसली.

"मी टेक्सासला येत नाही," ती म्हणाली. "तू गेलास की आमचा इथला व्हिसा संपतो, ते मला माहीत आहे. मी पोरीला घेऊन नागपूरला जाईन. पण तिच्या खोलीच्या भिंतीपलीकडे तू आणि ते, असं मी झोपणार नाही. कुठल्याही मापाचं असू दे."

"मी तुमच्यासाठीच घेतोय."

"मला माहीत आहे. म्हणून तर भीती वाटते."

मग वहिनीने विचारलं, "काय झालं तर थांबशील? खरं सांग. ती पोरं सापडली तर?"

दादाने गाल दाबून धरला होता. "पोरांचं मला काही नाही," तो म्हणाला. "ती उद्या समोर आली तरी मला ओळखू येणार नाहीत. त्या दोघांनी एकदा म्हणावं, की हो, आम्ही पाहिलं. हा काही न करता बसला होता आणि याला मारलं. कोणालाही म्हणावं, पोलिसांना, कोणालाही. मला आता कधी कधी वाटतं, मीच काहीतरी केलं असणार. नाहीतर दोन ओळखीची माणसं अशी उतरून कशी जातील?"

हे मी त्याच्या परवानगीने लिहिते आहे. त्याची एकच अट होती, कोणाचं नाव यायचं नाही. त्या दोघांना अडचणीत आणायचं नाही. अजूनही तो तेच म्हणतो. बदलीला होकार कळवायची मुदत या महिन्याच्या अखेरपर्यंत आहे. वहिनीने बॅगा काढल्या आहेत, दोन ठिकाणी जाण्यासाठी भरतात तशा, वेगवेगळ्या.

तुम्ही हाउन्सलोत राहत असाल, इल्फर्डला असाल, कुठेही असाल, आपलं वर्तुळ लहान आहे. हे कोणाबद्दल आहे ते तुम्हाला कदाचित कळलं असेल. कळलं असेल तर त्या दोघांना दूषणं देऊ नका, ग्रुपवर चर्चा करू नका. त्यांच्या घरी जा. साक्षीने व्हिसा जात नाही, हे त्यांना समोर बसून सांगा, आणि पोलीस स्टेशनपर्यंत त्यांच्याबरोबर चालत जा. आणि हे वाचणारे तुम्हीच ते दोघं असाल, तर महिना संपायच्या आत जा आणि जे पाहिलंत ते सांगा.